बाराशे, अठ्ठावीसशे की साडेचार हजार?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघर आठ बाय दहा, एल आकाराचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, खाली बारा ट्रॉल्या, वर लॅमिनेटची कपाटं आणि सहा वर्षांपूर्वी घेतलेली चिमणी. दर रविवारी मटण असतं, आठवड्यातून दोनदा तरी तळण होतं. चिमणीच्या जाळ्या मी अधूनमधून धुते, पण वरच्या कपाटांच्या माथ्यावर आणि गॅसमागच्या टाइल्सवर हात ठेवला तर चिकटतो. घटस्थापनेआधी एकदा माणसं बोलावून सगळं साफ करून घ्यायचं ठरवलंय. तीन ठिकाणी विचारलं. पहिला एकटा येणार, 'दोन तासांत उरकतो' म्हणाला, १,२०० रुपये. दुसऱ्याची दोन माणसं, चार तास, साहित्य त्यांचं, २,८०० रुपये. तिसऱ्यांची तीन माणसं वाफेचं मशीन घेऊन तीन तास, ४,५०० आणि वर जीएसटी. सासूबाई म्हणतात, 'एवढ्या पैशात बाई महिनाभर राबंल की!' एकाच स्वयंपाकघराचे असे तीन दर कसे? आणि बोलवू कोणाला?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, दर विचारताना माणसं किती आणि तास किती, हेही तुम्ही विचारून घेतलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे. सफाईवाल्याकडून आपण विकत घेतो ती माणसांची मेहनत, आणि ती मोजायची माणूस-तासात, म्हणजे एका माणसाच्या तासाभराच्या कामात. पहिल्याचे दोन माणूस-तास १,२०० रुपयांना, तासाला ६०० पडले. दुसऱ्याचे दोन माणसं गुणिले चार तास, म्हणजे आठ, तासाला ३५०. तिसऱ्यांचे नऊ, ४,५०० वर १८ टक्के जीएसटी धरला की ५,३१० होतात, तासाला ५९०. ऐकायला सगळ्यात स्वस्त वाटलेला माणूस तासाच्या हिशोबात सगळ्यात महाग निघाला.

आता तुमच्या स्वयंपाकघराला तास किती लागतील ते बघू. हे आकडे एका माणसाचे आहेत आणि भांडी-डबे आधीच बाहेर काढलेले आहेत असं धरून आहेत. एक ट्रॉली चॅनेलवरून, म्हणजे ती सरकते त्या पट्ट्यांवरून, उतरवून, धुऊन, कोरडी पुसून परत बसवायला सात-आठ मिनिटं जातात. बाराची झाली दीड तासाच्या आसपास. चिमणीच्या जाळ्या आणि हूडची आतली बाजू, ब्लोअर (धूर ओढणारा आतला पंखा) न उघडता, एक तास. गॅसमागच्या आणि बाजूच्या टाइल्स सव्वा तास. त्यातला बहुतेक वेळ शेगडीमागच्या तीन फुटांतच जातो. वरच्या कपाटांचे माथे आणि दारांच्या दोन्ही बाजू सव्वा तास. कपाटांच्या आतून पाऊण तास. ओटा, शेगडी, सिंक, नळ पाऊण तास. खिडकी, तिची जाळी, एक्झॉस्ट फॅन, छताचा पंखा, स्विचबोर्ड पाऊण तास. शेवटी फरशी आणि एक कोरडा हात अर्धा तास. बेरीज आठाच्या आसपास येते.

म्हणजे दुसऱ्याने वेळ बरोबर सांगितलाय. पहिला खोटं बोलतोय असं आम्ही म्हणणार नाही; दोन तासांत टाइल्स, ओटा, शेगडी, कपाटांची दारं बाहेरून आणि चिमणी वरवरून पुसून होते, आणि दर चार-सहा महिन्यांनी कोणी येत असेल त्या घराला तेवढं पुरतंही. तुमच्या कपाटाच्या माथ्याला हात चिकटतोय. तिथे दोन तास म्हणजे वरवरचा हात.

हात चिकटतो तो का, हे एकदा समजून घेतलं की सफाईवाल्याशी बोलणं सोपं जातं. फोडणीतून आणि तळणातून तेलाचे बारीक कण उडतात, वर जातात आणि थंड जागा मिळाली की बसतात. पहिले दोन-चार दिवस ते तेलच असतं, भांड्याच्या साबणाने निघतं. पुढे हवेतला ऑक्सिजन त्याला धरतो आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. तैलरंगात जवसाचं तेल वाळून घट्ट पापुद्रा होतो, तोच प्रकार. सूर्यफूल, सोयाबीन, करडईचं तेल लवकर घट्ट होतं, शेंगतेल जरा उशिरा. त्यावर कणकेची धूळ आणि चटणीची भुकटी बसली की तपकिरी चिकटा तयार होतो. वर्ष-दोन वर्षांनी तो जवळजवळ व्हार्निश होतो, साबणाला दाद देत नाही.

असा चिकटा काढायला चार गोष्टी लागतात : रसायन, उष्णता, वेळ आणि घासणं. हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली हे चौघं एका वर्तुळात मांडले. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. 'दोन तासांत उरकतो' म्हणणाऱ्याने वेळ कमी केला, मग तो भरपाई कशाने करणार? एकतर जास्त जहाल रसायनाने, नाहीतर जास्त जोरात घासून. घरांमधलं बहुतेक नुकसान याच दोन वाटांनी होतं.

चांगलं काम करणारा माणूस आल्याआल्या घासायला लागत नाही. तो आधी चिमणीच्या जाळ्या उतरवून गरम पाण्यात भिजत घालतो, टाइल्सवर डिग्रीजर (तेलकटपणा सोडवणारं रसायन) मारतो आणि आठ-दहा मिनिटं थांबतो. डिग्रीजर टाइलवरच वाळला तर निघालेला चिकटा पुन्हा चिकटतो, म्हणून दोन-तीन फुटांचा पट्टा घेऊन काम चालतं. कामाचा क्रम वरून खाली : पंखा, कपाटांचे माथे, चिमणी, टाइल्स, दारं, ओटा, ट्रॉल्या, फरशी. कोणी फरशी पहिल्यांदा धुवायला घेतली तर समजा, तास भरून काढायचे आहेत.

दुसऱ्या माणसाला फोनवर पहिला प्रश्न विचारा : 'जाळ्या कशात भिजवणार?' उत्तरात 'कॉस्टिक' आलं तर लगेच थांबवा. तुमच्या चिमणीला पट्ट्यापट्ट्यांचे बॅफल फिल्टर असतील तर ते बहुतेक स्टीलचे असतात; बारीक विणीच्या चौकोनी जाळ्या असतील तर त्या बहुधा ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात टाकलं की फसफसतं, हायड्रोजन वायू निघतो, जाळी काळी पडते, पातळ होते आणि दोन-तीन धुण्यांत तुटायला लागते. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टील नक्की. नाही चिकटलं तरी स्टील असू शकतं, पण शंका आहे तोवर ॲल्युमिनियमच समजा. ॲल्युमिनियमला ५५-६० अंशांचं गरम पाणी, भांड्याचा लिक्विड साबण आणि अर्धा तास भिजवणं, एवढंच. चिकटा हटला नाही तर हेच पुन्हा करायचं. धुण्याचा सोडासुद्धा स्टीलच्याच जाळीला.

दुसरा प्रश्न ब्लोअरचा. 'चिमणी साफ करतो' या तीन शब्दांत तीन वेगवेगळी कामं दडलेली असतात. बाहेरून हूड पुसणं, जाळ्या आणि हूडची आतली बाजू साफ करणं, आणि ब्लोअर उघडून त्याच्या पात्यांवरचं तेल काढणं. पहिली दोन सफाईवाल्याची. तिसरं चिमणी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काम, कारण ब्लोअरच्या पोटात मोटर असते. तिथे पाण्याचा किंवा वाफेचा फवारा गेला की मोटर जळते नाहीतर बेअरिंग खराब होतं. हे लगेच कळतही नाही. चिमणी आठ दिवस व्यवस्थित चालते, मग घरघरायला लागते, आणि तोवर सफाईवाला पैसे घेऊन गेलेला असतो. टच पॅनेलच्या मागे सर्किट असतं, तिथेही ओलं फडकं दाबून फिरवायचं नाही.

तुमची चिमणी सहा वर्षांची आहे. ब्लोअर एकदाही उघडला नसेल तर त्याच्यासाठी त्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला वेगळा बोलवा, आणि सफाईच्या दोन-तीन दिवस आधी बोलवा. ब्लोअर उघडला की काळं तेल ओट्यावर, टाइल्सवर ठिबकतंच. नंतर बोलावलंत तर धुतलेल्या ओट्यावर पुन्हा तेल. तो आला की त्याला चिमणीमागचा लवचिक ॲल्युमिनियमचा पाइपही दाखवा. पाइपला वळण असतं तिथे तेल साठतं. तो धुण्यात अर्थ नाही, कारण आतल्या वळ्यांतलं तेल निघत नाही आणि पाइप मात्र फाटतो. नवीन घालून घ्यायचा. भिंतीबाहेरच्या टोकाला झडप किंवा जाळी असेल तर तीही बघायला सांगा. जाळ्या चकचकीत आणि तरी धूर खोलीत, अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा दोष तिथे सापडतो.

चिमणी 'ऑटो क्लीन' आहे म्हणून हे सगळं लागणार नाही असं समजू नका. त्यात तापणारी तार ब्लोअरमधलं तेल पातळ करून खालच्या वाटीत उतरवते. हूड, पाइप, कडा तशाच राहतात; वाटी भरली की ओतून द्यावी लागते, आणि बऱ्याच घरांत ती वाटी आहे हेच माहीत नसतं.

आता तिसऱ्यांच्या वाफेच्या मशीनबद्दल. वाफ चांगली, पण ठरावीक जागी : टाइल्सच्या सांध्यांत, नळाच्या बुडाशी, सिंकच्या कडेला, शेगडीच्या लोखंडी स्टँडवर. लॅमिनेटच्या दारांवर ती नको. दाराच्या कडेला जी पट्टी चिकटवलेली असते तिचा गोंद उष्णतेने मऊ होतो, पट्टी सुटते, मग आत पाणी शिरून बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. काचेची शेगडी असेल तर थंड काचेवर एकदम वाफ मारली तर तडा जाऊ शकतो. ओटा आणि टाइल्स यांच्या सांध्यातला सिलिकॉनही वाफेने उखडतो. तुमच्या स्वयंपाकघरात वाफेच्या लायकीची जागा सगळी मिळून अर्ध्या-पाऊण तासाची. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण आम्हाला दिसत नाही.

जीएसटीचं म्हणाल तर तो नोंदणी असलेल्यालाच लावता येतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. त्याखालचे बहुतेक सफाईवाले नोंदणी नसलेले असतात आणि त्यांनी जीएसटी मागायचा नसतो. कर लावला तर बिल मागा आणि बिलावरचा नंबर बघा : १५ अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. बिल नाही तर कर नाही.

रसायनांबद्दल जरा सविस्तर सांगणं भाग आहे, कारण रविवारच्या तांबड्या रश्श्याच्या घरात काही गोष्टी हमखास घडतात. डिग्रीजर बहुतेक वेळा अल्कली असतो, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा. टाइल्सच्या सांध्यात हळद बसलेली असेल तर डिग्रीजर लागताच तिथे लालभडक डाग उठतात आणि घरातल्या लोकांना वाटतं, माणसाने काहीतरी जाळलं. तसं नाही. कुंकू करताना हळदीत चुना घालतात तेव्हा जे होतं तेच इथे होतं. साध्या पाण्याने दोनदा धुतलं की लाली उतरते आणि मूळची पिवळी राहते. पिवळेपणा उन्हाने जातो. ऊन पोचत नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा दहा मिनिटं ठेवून बघता येतो. तर्रीचा लाल डाग वेगळा. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून पांढऱ्या सिलिकॉनमध्ये किंवा प्लास्टिकच्या डब्यात तो शिरला की कोणी कितीही घासलं तरी पूर्ण निघत नाही. सिलिकॉनची ती पट्टी कापून नवीन भरायची.

काळ्या ग्रॅनाइटवर काम झाल्यावर पांढरट धुरकट थर दिसतो. तो बहुतेक वेळा उरलेला डिग्रीजर असतो. स्वच्छ पाण्याचे दोन हात आणि कोरडं सुती फडकं मारल्यावर गेला पाहिजे. नाही गेला, तर कोणीतरी बाथरूमचं ॲसिड वापरलंय किंवा खरखरीत घासणीने पॉलिश उतरवलंय. ॲसिड स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. स्टीलच्या सिंकला ते बारीक खड्डे पाडतं, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं. पेठांमधल्या जुन्या घरांतून कडाप्प्याचे ओटे आणि फडताळं आहेत, शहाबादी फरशी आहे. हे दोन्ही चुनखडीचे दगड, त्यांना लिंबाचा रससुद्धा चालत नाही, एका थेंबाने डाग पडतो. तुमच्या फ्लॅटमध्ये मोरीत किंवा गॅलरीत शहाबादी असेल तर ट्रॉल्या तिथे धुताना हे सांगून ठेवा. नळावर आणि सिंकवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर त्याला सायट्रिक ॲसिड पुरतं : अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, पंधरा मिनिटं, मग धुणं. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकाच बादलीत किंवा एकामागोमाग एकाच जागी वापरू द्यायचं नाही. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

छताला आणि वरच्या भिंतीला डिस्टेंपर असेल तर डिग्रीजर लावू देऊ नका. चिकट्याबरोबर रंगही येतो आणि ढगांसारखे चट्टे राहतात. तो भाग रंगाऱ्याचा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि तिथेच तुमचे पैसे वाचतात. ट्रॉल्या, डबे, कपाटांच्या आतली बाजू हे काम घरच्या बाईला चांगलं जमतं. मात्र ते तिच्या महिन्याच्या पगारात धरायचं नाही, वरच्या कामाचे पैसे आधी ठरवून वेगळे द्यायचे. चिमणी, कपाटांचे माथे आणि पंखा तिच्या गळ्यात घालू नका. स्टुलावर चढून, हातमोज्यांशिवाय, डोळ्यांच्या वर डिग्रीजरचा फवारा मारायचा, त्यात पाय घसरला तर? सफाईवाल्याकडे शिडी, मोजे, चष्मा असला पाहिजे. नसेल तर तोही माणूस चालणार नाही.

म्हणून आमचा सल्ला असा : दुसऱ्याला बोलवा, पण ट्रॉल्या आणि कपाटांच्या आतली बाजू वगळून दर विचारा. ही दोन कामं सव्वादोन तासांच्या आसपासची. हिशोबासाठी दोन धरली तरी सहा माणूस-तास उरतात, त्याच्याच दराने २,१०० रुपये होतात. तो म्हणेल, जायचा-यायचा खर्च तोच, साहित्य तेच, आणि त्यात तथ्य आहे. दोन माणसांचा अर्धा दिवस मोडतोच. तरी चारशे-पाचशे कमी व्हायला हरकत नसावी. नाहीच झाले तर सगळं त्याच्याकडूनच करून घ्या आणि बाईला फक्त डबे पुसायला लावा. २,८०० रुपयांत आठ तासांचं काम होत असेल तर तो दर रास्त आहे.

डबे आणि भांडी मात्र आदल्या रात्री तुम्हीच काढून ठेवा. ते त्यांच्यावर सोडलंत तर दोन माणसांचा पाऊण तास मांडामांडीत जातो आणि तेवढा टाइल्सला कमी पडतो. हॉलमध्ये जुनी चादर अंथरा, एका ट्रॉलीचं सामान एका टोपलीत, वर कागदावर ट्रॉलीचा नंबर. डाळीच्या आणि रव्याच्या डब्यात पैसे ठेवायची सवय कोल्हापुरात अजून पुष्कळ घरांत आहे. तेही काढून घ्या, नंतर उगाच कोणावर संशय नको.

दर पक्का करण्याआधी त्याला सहा फोटो पाठवा : चिमणी खालून, जाळी जवळून, कपाटाचा माथा, शेगडीमागची टाइल, एक ट्रॉली ओढून बाहेर काढलेली, आणि सिंकखालची जागा. फोटो बघून दिलेला दर दारात बदलत नाही. 'आल्यावर बघून सांगतो' म्हणणारा बहुतेक वेळा वाढवूनच सांगतो. मग व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या : कोणती कामं धरली, कोणती नाही, माणसं किती, तास किती, साहित्य कोणाचं, काही फुटलं-बिघडलं तर भरपाई कोण करणार. आगाऊ पाचशेच्या वर देऊ नका.

तारीख घटस्थापनेच्या आठ-दहा दिवस आधीची धरा, आणि मधल्या वारची. पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या शहराला एकदम घर धुवायचं असतं. दर चढतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एक टोळी दिवसाला तीन घरं घेते, तुमचे चार तास अडीचवर येतात. आषाढ-श्रावणात मात्र हे काम काढू नका. आपल्याकडे तेव्हा चार-चार दिवस ऊन दिसत नाही, ट्रॉल्यांमागचा प्लाय वाळत नाही आणि महिन्याभरात कुबट वास यायला लागतो. आणि दिवाळीचं तळण नवरात्रानंतर आहेच, तेव्हा गॅसमागची टाइल पुन्हा तेलकट होणार. चकल्या तळून झाल्या की टाइल कोमट असतानाच साबणाच्या फडक्याने पुसून घेतलीत तर पाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी माणसं यायच्या आधी चिमणीचा प्लग काढा, रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर ठेवा, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. शेगडी ओढताना गॅसच्या नळीला ताण बसतो. त्या निमित्ताने नळीवरची तारीख बघा. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते. ट्रॉल्यांचे चॅनेल डिग्रीजरने धुऊ देऊ नका, त्यातलं ग्रीस निघून जातं आणि ट्रॉली अडखळायला लागते. कोरड्या ब्रशने झाडून वर सिलिकॉन स्प्रेचा एक हलका फवारा पुरे.

पैसे द्यायच्या आधी पांढरं फडकं घ्या आणि तीन ठिकाणी फिरवा : कपाटाच्या माथ्याचा मागचा कोपरा, शेगडीमागची टाइल, आणि चिमणीच्या खालच्या कडेची आतली बाजू. पिवळं आलं तर तिथे परत हात मारायला सांगा, ती माणसं अजून घरातच आहेत. चिमणी दोन मिनिटं पूर्ण वेगात चालवा, खालून जाळीला वर्तमानपत्राचा कागद लावून बघा; धरून ठेवला पाहिजे. प्रत्येक ट्रॉली एकदा ओढून लावा. सिंकखाली हात घालून पाइप सुटलाय का ते बघा, बादली सरकवताना तो हमखास हलतो.

पुढच्या वर्षी हेच बिल कमी यावं असं वाटत असेल तर सफाई झाल्या दिवशीच कपाटांच्या माथ्यावर वर्तमानपत्र अंथरा आणि दर तीन महिन्यांनी बदला. सव्वा तासाचं घासणं दोन मिनिटांच्या कागद बदलण्यावर येतं. तुमच्याकडचं मटण आणि तळण बघता जाळ्या दर पंधरा दिवसांनी भिजवायला हव्यात. चिमणी फोडणीआधी पाच मिनिटं सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा; बहुतेक घरांत ती मसाला करपायला लागल्यावर सुरू होते, तोवर तेल कपाटावर पोचलेलं असतं.

संध्याकाळी ट्रॉल्या आणि कपाटांची दारं उघडीच ठेवा, पंखा लावा, सामान दुसऱ्या दिवशी भरा. सिलिंडर परत जोडल्यावर नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं फेसाळ पाणी लावून बघा. बुडबुडे आले नाहीत, की मग गॅस पेटवा. त्या रात्रीचं जेवण मात्र बाहेरून मागवा.